नाव घेतलं की…

गणिताच्या वहीत मागच्या पानावर चित्रं काढता ना? मग बास्टियनशी तुमची नक्की गट्टी जमेल. १९८४ सालच्या ‘द नेव्हरएन्डिंग स्टोरी’ या जर्मन चित्रपटातला हा मुलगा. त्याची आई वारलेली. गणिताच्या पुस्तकात एकशिंगी घोडे काढले म्हणून बाबा त्याला बजावतात, “आता स्वप्नं पुरे, पाय जमिनीवर ठेव!”

बास्टियन शाळेच्या माळ्यावर लपून एक जाडजूड पुस्तक वाचू लागतो. त्यात फँटेशिया नावाचं राज्य असतं. तिथे ‘शून्य’ पसरत चाललंय. ते जिथे पोचतं, तिथे काहीच उरत नाही. का? तर माणसांनी स्वप्नं पाहणं सोडलं म्हणून. हस्तिदंती मनोऱ्यातली छोटी सम्राज्ञी आजारी आहे. उपाय एकच, माणसाच्या मुलाने तिला नवं नाव द्यायचं. मग बास्टियन खिडकी उघडतो आणि भर वादळात आपल्या आईचं नाव ओरडतो!

मिखाएल एंडे यांची मूळ कादंबरी १९७९ची. चित्रपट काढला वोल्फगांग पीटरसन यांनी, म्युनिकच्या स्टुडिओत. त्यातला फाल्कोर नावाचा पांढरा, केसाळ ड्रॅगन काही कॉम्प्युटरवर काढलेला नव्हे. कारागिरांनी तो खराखुरा बनवला होता.

पेणच्या मुलांना याचं नवल वाटायचं नाही. त्यांच्या गल्लीतच गणपतीचे कारखाने! माझे आजोबा अशाच एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. साचा झाला, रंग झाला, तरी मूर्ती मुकी वाटायची. आजोबा श्वास रोखून बारीक कुंचला फिरवायचे आणि बाप्पा एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. स्वप्न बघायचं ते असं, हात मातीत ठेवून!

मी सहावीत असताना आजोबा गेले. आम्ही तेव्हा रोह्याला राहायचो. आईला रडू येईल म्हणून घरात कुणी त्यांचं नावच काढेना. त्यांची खुर्ची माळ्यावर गेली, कुंचले डब्यात गेले. आमच्या घरातही ते ‘शून्य’ शिरलं होतं.

त्याच सुट्टीत मामाने या चित्रपटाची कॅसेट आणली. बास्टियनने आईचं नाव घेतलं आणि माझ्या अंगावर काटा आला. रात्री जेवताना मी मोठ्याने म्हटलं, “आजोबा वरणभातावर केवढं तूप घ्यायचे, नाही?” क्षणभर सगळे गप्प. मग आई रडली आणि रडता रडता हसलीसुद्धा. मामा म्हणाला, “आणि वर म्हणायचे, डोळ्यांना चांगलं असतं!” त्या रात्री आजोबांच्या गोष्टी संपता संपेनात.

तुमच्या घरातही असं कुणी असेल, ज्यांचं नाव हल्ली निघत नाही. आज जेवताना त्यांची एक गोष्ट विचारा. आणि आईबाबांनो, उद्या गणिताच्या वहीत एकशिंगी घोडा सापडला, तर रागावण्याआधी त्याचं नाव तेवढं विचारून घ्या!