दोन बोटं जागा

अब्बांचा धंदा माइक भाड्याने देण्याचा आणि रेडिओ दुरुस्तीचा. मिलाद असो, कव्वाली असो, लग्न असो की गणेशोत्सव, विजापूर वेशीतल्या आमच्या दुकानातून व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जायचा. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. पण पेटीत कुठला पुर्जा कुठे बसवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे ट्रान्झिस्टर आले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, सगळं अब्बांनी किलोवर विकलं. आपलं हुन्नरही त्यासोबत भंगारात गेलं, हीच समजूत घेऊन ते गेले.

पुण्यात गिटार वाजवणारा माझा भाचा दोन वर्षांपूर्वी म्हणाला, "मामू, मेरेकू व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर बनाके देव. पन छोटा होना." गिटारवाल्यांना आजही व्हॉल्व्हचाच आवाज हवा असतो. व्हॉल्व्ह आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात.

त्याच्या आराखड्यात सगळे पुर्जे एकमेकांना खेटून होते. मी हिशेब मांडला. ईएल८४ या व्हॉल्व्हचं फिलामेंट ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर घेतं, म्हणजे जवळपास ५ वॅट. प्लेटवर १२ वॅटपर्यंत उष्णता. असे दोन व्हॉल्व्ह म्हणजे, गिटार गप्प असतानाही, सुमारे ३४ वॅटची भट्टी. तिच्या शेजारी फिल्टर कंडेन्सर. त्याच्या पोटात ओलं रसायन असतं. उष्णता १० अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. कंडेन्सरवर ८५ अंश छापलेलं असतं. सोलापूरचा मे महिना ४२ अंशांचा. वजा करा, हाती ४३च उरतात.

मग सगळं लांब लांब बसवावं, तर तेही चालत नाही. पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडची तार लांबली की ती ट्रान्सफॉर्मरची हम पकडते. उष्णता म्हणते लांब हो, आवाज म्हणतो जवळ ये.

अब्बांची रीत अशी: गिटारची वा माइकची तार एका टोकाला, पॉवर ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला. दोन्ही ट्रान्सफॉर्मर काटकोनात. फिलामेंटच्या तारा पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्यायच्या. तापणारा रेझिस्टर पट्टीवरून उचलून बसवायचा. कंडेन्सर व्हॉल्व्हपासून दूर. बाकी पुर्ज्यांत निदान दोन बोटं जागा. चासीला खाली भोकं, पेटीला वर जाळी, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. "बेटा, उसकू भी हवा होना," म्हणायचे. पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही आठजण राहायचो. उन्हाळ्यात अब्बा दुकानाच्या पायरीवर झोपायचे.

पेटी भाच्याच्या मनापेक्षा चार बोटं मोठी झाली. तो कुरकुरला. गेल्या मे महिन्यात इथे एका लग्नात त्याने ती दोन तास वाजवली. नंतर प्लग काढला, कंडेन्सरमधला विजेचा साठा रेझिस्टरने उतरवला. बंद पेटीतही तीनशे व्होल्ट दबा धरून असतात, हे त्याला आधी शिकवलं. मग त्याने कंडेन्सरला हात लावला. नुसता कोमट होता.

"ये नाप कहाँ लिखे हैं, मामू?" त्याने विचारलं.

कुठेच लिहिलेली नव्हती. त्या रात्री आम्ही पट्टी घेऊन बसलो. अब्बांची दोन बोटं आता त्याच्या वहीत मिलिमीटरमध्ये आहेत.