तांब्या आणि कागद

घरखर्चाचा हिशेब रोज लिहिण्याची मला जुनी खोड आहे. दिवसा कॉलेजांत काव्यांतल्या गगनभराऱ्या समजावून देणारा मी, रात्रीं जेवणानंतर वही उघडून बसलों कीं कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत खालीं उतरतों. दोन वर्षांपूर्वीं या वहींत ‘कागद’ या नांवाखालीं मीं एक रक्कम मांडली होती. पत्नीनें ती वाचली आणि विचारलें, “कागद तर तुम्हांला कॉलेज देतं ना? मग त्याचे पैसे आपण कां भरायचे?”

तो कागद लिहिण्याचा नव्हता. माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्याबरोबर जांवई प्रथमच आमच्या घरीं येणार होते. ते तिकडेच जन्मले, तिकडेच वाढले. त्यांची गैरसोय होऊं नये म्हणून शौचकूपांत ठेवावयाचा तो कागद होता. विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, हें मी जाणतों. परंतु ज्या प्रश्नाला राव आणि रंक रोज सकाळीं सारखेच सामोरे जातात, त्याविषयीं एकदां मोकळेपणानें बोलल्यास वाचक रागावणार नाहींत अशी आशा आहे.

या बाबतींत माझ्या मनांत थोडा अहंकार होता, हें कबूल केलें पाहिजे. २०२० च्या मार्चमध्यें रोगाच्या भीतीनें अमेरिकेंतल्या लोकांनीं दुकानांवर झडप घातली, तेव्हां मुलीचा फोन आला होता. “बाबा, इथं तांदूळ मिळतोय, डाळ मिळतेय, पण तो कागद मात्र कुठंच नाही!” मीं हंसून विचारलें, “एक तांब्या पाठवून देऊं का?” पुढें तिनें बैठकीखालीं बसवावयाची एक लहानशी पिचकारी विकत आणली, कळ फिरवली कीं पाण्याची धार येते. त्या वर्षीं पुष्कळ अमेरिकन कुटुंबांनीं तेंच केलें. मीं त्या पिचकारीचीही थट्टा केली आणि शेवटीं जग आमच्याच तांब्याकडे वळलें म्हणून मिशींतल्या मिशींत हंसलों.

माझ्या अहंकाराला इतिहासाचाही आधार होता. चीनविषयीं इसवी सन ८५१ मध्यें लिहिलेल्या एका अरबी वृत्तांतांत, हे लोक पाणी न वापरतां कागदानें काम भागवितात, याबद्दल नवल व्यक्त केलें आहे. म्हणजे आमचें आश्चर्य हजार वर्षांहून जुनें! अमेरिकेंत १८५७ मध्यें न्यूयॉर्कच्या जोसेफ गेएटीनें औषधी कागद म्हणून ५०० तावांचा गठ्ठा ५० सेंटांना विकावयास काढला. १८९१ मध्यें सेथ व्हीलरनें गुंडाळीच्या कागदाचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं जुनीं वर्तमानपत्रें आणि मक्याचीं कणसेंही तिकडे याच कामीं येत असत.

जांवई आले तो मे महिना होता. आमचें घर ठाण्याच्या मानपाड्यांत, घोडबंदर रस्त्याच्या बाजूस. खिडकींतून येऊरचे हिरवे डोंगर दिसतात. पण नळाला पाणी नव्हतें आणि सोसायटीनें टँकर मागविला होता. वहींत कागद आणि टँकर शेजारीं शेजारीं आले, आणि मला तुलनेचा मोह आवरला नाहीं. कागदाची गुंडाळी ४० रुपयांची. ती वीस वेळां पुरते असें धरलें, तर एका वेळचे २ रुपये. टँकर १०,००० लिटरचा, किंमत ३,००० रुपये. म्हणजे लिटरला ३० पैसे. तांब्या दीड लिटरचा. एका वेळचे ४५ पैसे. विकतचें पाणीसुद्धां कागदाच्या पाव किंमतीहून स्वस्त! हा निकाल मीं मोठ्यानें वाचून दाखविला.

घरीं काम करणाऱ्या बाई तेव्हां ओटा पुशीत होत्या. त्यांचें माहेर शहापूर तालुक्यांत. ज्या भातसा नदीचें पाणी ठाण्याला येतें, तिचें धरण त्याच तालुक्यांत आहे. आणि त्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. त्या म्हणाल्या, “पाण्याचा भाव कसला लिहिताय, सर? माझी आई मे महिन्यात दोन हंड्यांत दिवस काढते.” मीं वही मिटली. पण हिशेब चुकला आहे असें मात्र मला वाटलें नाहीं.

तो चुकला आहे हें मला माझ्या आईनें शिकविलें. गेल्या वर्षीं तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. आपल्या रीतीप्रमाणें उजवा हात जेवणाचा आणि डावा या कामाचा. ज्या हातावर तांब्याची सारी संस्कृति उभी आहे, तोच गेला. उजव्या हातानें भिंतीचा दांडा धरल्यावांचून तिला तोल सांवरेना. मग भिंतीवरची नळीची पिचकारी तरी ती कशानें धरणार? प्रत्येक वेळीं माझ्या पत्नीला आंत जावें लागे.

जांवयांची एक गुंडाळी उरली होती, ती मीं पुढें केली. आई म्हणाली, “कागद म्हणजे सरस्वती रे! त्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतों.” सहाव्या शतकांत यान झितुई या चिनी पंडितानेंही लिहून ठेवलें आहे, कीं ज्या कागदावर ऋषितुल्य पुरुषांचीं नांवें आहेत, तो या कामीं वापरण्याचें धाडस मला होत नाहीं. कोरा कागद त्याला चालत असे. आईला तोही चालेना.

हळूहळू तिचें जेवण कमी झालें. आम्हांला वाटलें, आजारानें भूक मंदावली असेल. डॉक्टरांनीं जीभ पाहिली आणि विचारलें, “आजी, दिवसाकाठीं पाणी किती पितां?” आई गप्प राहिली. घरीं आल्यावर पत्नीनें खोदून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “दुपारनंतर मी पीतच नाही. रात्री तुला किती वेळा उठवायचं, सूनबाई?” त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. ४५ पैसे आणि २ रुपये यांची तुलना करतांना हें काम कोणाच्या हातानें व्हावयाचें आहे, हें मीं कोठेंच धरलें नव्हतें.

उपाय मुलीनें सांगितला. “बाबा, माझी ती पिचकारी आठवते? तुम्ही हंसला होतांत ती?” तशी पिचकारी येथेंही मिळाली, २,६०० रुपयांना. प्लंबरनें ५०० रुपये घेऊन ती बसविली आणि कळ उजव्या हाताला येईल अशी व्यवस्था केली. पहिले दोन दिवस पत्नी आंत उभी राहिली. तिसऱ्या दिवशीं आईनें तिला बाहेर पाठविलें आणि दार लोटून घेतलें. आम्ही दोघें बाहेर कान देऊन उभीं होतों. पाण्याची धार ऐकूं आली, थांबली. बऱ्याच वेळानें दार उघडलें. आई दांड्याला धरून बाहेर आली, खुर्चीवर टेंकली आणि म्हणाली, “तहान लागली आहे. तांब्याभर पाणी आण.”

संध्याकाळचे सात वाजले होते.

रात्रीं मीं वही उघडली. ३,१०० रुपये कोणत्या नांवाखालीं मांडावेत, याचा थोडा विचार केला, आणि कागद नाहीं, दुरुस्ती नाहीं, औषध नाहीं, ‘आईचें पाणी’ असें लिहिलें.