जरा धक्का मारता का?

बॅटरी उतरलेल्या मोटारीइतके लोकशाहीचे दुसरे वाहन मी पाहिलेले नाही. चालू असते तोवर ती मालकाची असते. काचा वर करून, डबक्यातले पाणी आपल्या धोतरावर वा पॅंटीवर उडवून ती निघून जाते. पण एखाद्या सकाळी किल्ली फिरवावी आणि बॉनेटखालून नुसते 'टक्' व्हावे, की तीच गाडी साऱ्या आळीची होते. दूधवाला सायकल भिंतीला टेकवून येतो, शाळेची पोरे दप्तरासकट मागे लागतात, आणि ज्याने जन्मात स्कूटरखेरीज काही चालविले नाही असा एखादा गृहस्थ बाजूला उभा राहून 'सेकंड टाका, सेकंड!' असा हुकूम सोडतो. तो गृहस्थ बहुधा मी असतो.

हुकूम मात्र खरा आहे. पहिल्या गिअरात क्लच सोडला तर गाडी जागीच गचका खाते आणि ढकलणाऱ्यांची नाके मागच्या काचेवर आपटतात. दुसऱ्यात ती ऐकते. किल्ली चालू, पाय क्लचवर, गाडीने माणसाच्या धावण्याइतका वेग धरला की क्लच एकदम सोडायचा. चाके इंजिनाला फिरवतात, आणि इंजिन खोकत खोकत उठते. ज्या गाड्यांना क्लचच नसतो, त्यांना मात्र कितीही ढकला. घाम तेवढा निघतो.

आजोबांच्या पिढीला धक्क्याचीही गरज नव्हती. त्यांच्या गाड्यांना पुढे हॅंडल असे. ते धरण्याची एक रीत होती: अंगठा दांड्याभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हॅंडल वर ओढायचे. इंजिन उलटे फिरले तर हॅंडल मागे झटका देई, आणि अंगठा आडवा सापडला तर मनगटाचे हाड गेलेच म्हणून समजा. ही मनगटे वाचवली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअराने. त्याचा विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बसला आणि किल्ली-बटनाचे युग सुरू झाले. पण हॅंडल गेले आणि माणूस बॅटरीचा बांधील झाला.

बॅटरी म्हणजे तरी काय? शिसे आणि गंधकाचे आम्ल. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही जोडी जमवली, आणि मुळात अजून तीच चालते. आत सहा घरे, प्रत्येकात दोन व्होल्टांच्या जरा वर. सगळे मिळून बारा. स्टार्टर फिरवायला दोनचार सेकंद का होईना, पण शंभराहून अधिक अँपिअर लागतात. इतके देण्याची ताकद नसली, की नुसते 'टक्'. थंडीत तर बॅटरी हातपाय आणखी आखडून घेते. आणि उतरलेली तशीच पडू दिली, तर पत्र्यांवर खडे धरून ती कायमची जाते.

हे सारे मला पुस्तकातून कळले असते तर मी विसरलो असतो. पण नाशिकला आमच्या आळीत एका डिसेंबरच्या पहाटे जे झाले, त्यामुळे ते पक्के झाले.

आमच्या शेजारी दोन भाऊ राहतात. एकाच वाड्याचे दोन तुकडे, मधे भिंत, आणि मागच्या परसावरून दिवाणी दावा. नऊ वर्षे बोलणे नव्हते. थोरल्यांच्या पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागे. पहाटे सहाची पाळी. ती चुकली की अंगात पाणी चढे आणि श्वास लागे. त्या पहाटे गाडी चालू होईना. आदल्या संध्याकाळी नातवाने खेळता खेळता पुढचे दिवे लावून ठेवले होते. दोन दिव्यांचे मिळून नऊएक अँपिअर; लहान गाडीची बॅटरी ती, पहाटेपर्यंत कुठली टिकते!

आम्ही चौघांनी ढकलली. कोपऱ्यापर्यंत नेली, परत आणली. काही नाही. नव्या गाडीत पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो आणि ठिणगीही. बॅटरीत धुगधुगी नसली तर धक्का फुकट. रिक्षा आणायला गेलेला मुलगा परतला नव्हता. वहिनी शाल घेऊन पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

तेवढ्यात पलीकडचे दार उघडले. धाकटे मफलर गुंडाळून आले, आपली गाडी काढली आणि थोरल्यांच्या गाडीच्या नाकासमोर नाक आणून उभी केली. त्याला इलाज नव्हता. जोडायच्या तारा जेमतेम सहा हात लांब. मग बोलणे सुरू झाले, पण माझ्यामार्फत.

"सर, त्यांना सांगा, लाल चिमटा आधी त्यांच्या अधिकाला लावा. दुसरं टोक माझ्या अधिकाला."

"सर, म्हणावं, कळतं मला."

"आता काळी माझ्या उण्याला. आणि सर, शेवटचं काळं टोक त्यांच्या बॅटरीला नाही हं! इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, लांब."

कारण त्यांनी नंतर सांगितले: बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि शेवटचा चिमटा लागताना ठिणगी उडते. त्या वेळी मी नुसता निरोप्या होतो. ठिणगी उडाली, बारीक, निळी. धाकट्यांनी आपले इंजिन चालू ठेवून पाचएक मिनिटे जाऊ दिली. ती पाच मिनिटे कुणीच कुणाकडे पाहिले नाही. मग ते एकदम म्हणाले,

"दादा, मार आता."

गाडी पहिल्याच फटक्यात लागली. तारा उलट्या क्रमाने निघाल्या. "वहिनी, बसा. आणि दादा, दवाखाना येईपर्यंत बंद करू नकोस," एवढे बोलून धाकटे आपल्या गाडीतून मागोमाग निघाले, न जाणो, वाटेत पुन्हा रुसली तर. सहाची पाळी सव्वासहाला सुरू झाली.

आठवड्यात नवी बॅटरी आली. तारा थोरल्यांच्याच डिकीत राहिल्या आणि त्या कुणी मागितल्याचे ऐकिवात नाही. दावा अजून चालू आहे. तारखेला दोघे भाऊ एकाच गाडीतून कोर्टात जातात, आणि पेट्रोल कुणी भरायचे यावरून आळीच्या तोंडापर्यंत भांडतात.