हौदाचा बंब

पोहण्याच्या तलावाला बंब लावायचा, हे ऐकून कोणीही हसेल. माझ्या मेहुण्याने घोटावड्याच्या बंगल्यासाठी तो बेत सांगितला, तेव्हा मीही हसणारच होतो. पण कारण ऐकले आणि थांबलो. सासरेबुवा ऐंशी पार केलेले. गुडघे कुरकुरतात, म्हणून डॉक्टरांनी कोमट पाण्यात चालायला सांगितलेले. पण मुळशीच्या भातखाचरांवरून येणारा पौषातला वारा पाणी असे काही गार करतो, की त्यांनी एक पाय आत घातला आणि दोन्ही बाहेर काढले!

"भावोजी, तुमचे मत काय?" मेहुण्याने विचारले. मराठीच्या प्राध्यापकाला मत नाही, असे कधी झाले आहे काय? मी कागद-पेन्सिल घेतली.

हौद आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे ४०,००० लिटर पाणी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. २२ अंशांवरून ३० वर न्यायचे, तर ३,२०,००० झाल्या. किलोभर गॅसमधून सुमारे ११,००० मिळतात, आणि त्यांतल्याही काही धुराबरोबर जातात. हिशेब झाला ३५ किलोंचा; १९ किलोंचे जवळजवळ दोन सिलिंडर!

विजेवर चालणारा, हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारा पंप रोजच्या वापराला स्वस्त पडतो. पण त्याची चाल सावकाश. मंडळी येणार फक्त शनिवार-रविवार. तेव्हा शुक्रवारी रात्री पेटवला की सकाळी पाणी कोमट, असा ५० किलोवॉटचा गॅसचा बंबच ठरला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आधी झाकण आणा." त्यांचे शास्त्र पक्के होते. उघड्या हौदाची बहुतेक उष्णता वाफेवाटेच जाते. झाकण आले.

बंब पंपाच्या खड्ड्यात दृष्टीआड बसवावा, असे मेहुण्याच्या पत्नीचे म्हणणे होते. मिस्त्रीने साफ नकार दिला. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खड्ड्यातच साचतो. शिवाय कोंदट जागी अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरने माणसे गेली आहेत, ती यामुळेच. म्हणून बंब उघड्यावर, ओट्यावर बसला. एकट्या सिलिंडरमधून गॅस इतक्या वेगाने निघत नाही, म्हणून चार एकत्र जोडले. पाणी पंपातून गाळणीत, तेथून बंबात; आणि क्लोरीन बंबाच्या पुढे, तांब्याच्या नळ्या खाऊ नये म्हणून.

सगळे झाले, पण सासरेबुवा पाण्यात उतरेनात. "एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसाठी दोन सिलिंडर?" त्यांनी विचारले. आम्ही सगळे गप्प. न्हाणीघरातला बंब एकाच्या अंघोळीपुरता तापतो. हौदाला मात्र एक माणूस काय आणि दहा काय, गॅस तेवढाच लागतो. माझा सारा हिशेब पाण्याचा होता. माणसांचा त्यांनी केला. त्यांनी बंगल्याच्या माळ्याला हाक मारली आणि त्याच्या वडिलांना बोलावून आणायला सांगितले.

तो म्हातारा जन्मभर चिखलात वाकून भात लावत आलेला. संकोचत आला, कठडा धरून उतरला. मग दोघेही छातीभर कोमट पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. एकाने जन्म कचेरीत काढलेला, दुसऱ्याने खाचरात. कुरकुरणारे गुडघे मात्र अगदी सारखे होते.