खुर्दा

पानिपतावर काय झालें ही बातमी पेशव्यांना सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेंत कळली, ही कथा मराठी घरांतल्या मुलाला फार लवकर ऐकावयास मिळते. गळालेलीं दोन मोत्यें कोणतीं, हें त्याला निराळें सांगावें लागत नाहीं. हरवलेल्या मोहरांचीहि त्या पत्रांत गणती आहे. खुर्द्याची मात्र नाहीं. लहानपणीं ही कथा ऐकतांना माझें सारें लक्ष मोत्यांकडे असे. गेलीं कांहीं वर्षें तें खुर्द्याकडे जाऊं लागलें आहे, आणि त्याला कारण झाला आहे इंग्रजांच्या फौजेंतील एका पलटणीचा इतिहास.

हा इतिहास रुडयार्ड किप्लिंग यानें लिहिला. किप्लिंगचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावी असें त्यानें पुष्कळ लिहून ठेविलें आहे. तो १८६५ सालीं मुंबईंत जन्मला. त्याचे वडील सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिक्षक होते, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील कोरीव कामांत त्यांचा हात आजहि दिसतो. मुलानें मात्र साम्राज्याचा भाट होणें पसंत केलें. अशा माणसानें युद्धावर लिहिलेले दोन जाडे खंड कोण हौसेनें वाचील? मींहि ते हौसेनें उघडले नव्हते. पण त्यांत नौबती नाहींत, जयघोष जवळजवळ नाहींत. पानेंच्या पानें चिखल, पायमोजे, मातीचीं पोतीं आणि मेलेल्या शिपायांचे आंकडे यांनीं भरलेलीं आहेत.

‘आयरिश गार्ड्स’ ही पायदळाची रेजिमेंट १९०० सालीं उभारली गेली. पहिल्या महायुद्धांत तिच्या दोन पलटणी फ्रान्सांत लढल्या, आणि १९२३ सालीं निघालेल्या या ग्रंथांत किप्लिंगनें प्रत्येकीला एकेक खंड दिला. माझें मन गुंतलें तें दुसऱ्या खंडांत. ही दुसरी पलटण १९१५ च्या जुलैंत तयार झाली, ऑगस्टांत फ्रान्सांत उतरली, आणि सप्टेंबर संपण्यापूर्वीं लूसच्या लढाईंत तिचे तीनशेंहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पुरी भरलेली पलटण म्हणजे सुमारें एक हजार माणसें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या आंकड्याचें वजन कळतें.

लढायांचीं पानें मी भरभर उलटतों. खरा ग्रंथ आहे तो लढाया नसलेल्या दिवसांचा. १९१५-१६ चा हिवाळा या पलटणीनें लावेंतीच्या बाजूस काढला. तेथील भूमि इतकी सखल कीं हात-दोन हात खणलें तरी खालून पाणी वर येतें. त्यामुळें खंदक नांवालाच. जमिनीच्या वर मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून त्यांच्या आड राहावयाचें. आषाढांतल्या भाताच्या खाचरांत बांधाआड मुक्काम ठोकावा आणि वर पौषांतली थंडी असावी, तशांतला हा प्रकार.

रोजचा क्रम ठरलेला. उजाडण्यापूर्वीं सर्वांनीं संगिनी लावून भिंतीपाशीं सज्ज उभें राहावयाचें, कारण हल्ला व्हावयाचा तर तो बहुधा झुंजुमुंजु होतांनाच. नीट उजाडलें कीं पहारेकरी तेवढे ठेवून बाकीच्यांस मोकळीक. मग रमचा एक घोट, बंदुकीची सफाई आणि न्याहारी. चहाला पेट्रोलचा वास येई, कारण पाणी पेट्रोलच्या जुन्या डब्यांतून आणलेलें असे. त्याच्या जोडीला खारें गोमांस, दगडासारखीं बिस्किटें आणि अलुबुखार व सफरचंद यांचा मुरंबा. दिवसां डोकें वर काढणें म्हणजे पलीकडच्या नेमबाजाला आमंत्रण. म्हणून दिवसां जमेल तेवढी झोंप आणि रात्रीं सारें काम. काळोखांत तारांचीं कुंपणें दुरुस्त करावयाचीं, ढांसळलेल्या भिंती पुन्हां रचावयाच्या, अन्नाचीं ओझीं पाठीवर घेऊन मागून पुढें यावयाचें. पाय सतत पाण्यांत राहून सुजत, काळे पडत, कांहींचे तर कापावे लागत; म्हणून प्रत्येकानें पायांना देवमाशाचें तेल चोळलें कीं नाहीं, आणि कोरडे मोजे घातले कीं नाहीं, हें अंमलदारानें स्वतः पाहावयाचें. एका अठरा-वीस वर्षांच्या पोरानें चाळीस-पन्नास बाप्यांचे पाय रोज तपासावे, ही गोष्ट मला पुष्कळ शौर्यकथांपेक्षां अधिक खरी वाटते. उंदीर आणि उवा यांच्यापुढें मात्र अंमलदार आणि शिपाई सारखेच हतबल. कांहीं दिवसांनीं पलटण पाळीपाळीनें मागें येई. तेथें बियरच्या कारखान्यांतल्या मोठमोठ्या पिंपांत ऊन पाण्याची आंघोळ मिळे, कपडे वाफवून दिले जात. आणि उवांचीं अंडीं शिवणींत राहून गेलेलीं असत तीं अंगाची ऊब लागतांच पुन्हां फुटत.

या साऱ्याची नोंद प्रत्येक पलटणीला ठेवावी लागे. त्यासाठीं छापील कागद असत. त्यांवर ठिकाण, तारीख, वेळ आणि घडलेल्या गोष्टी यांचे रकाने. हे कागद लंडनजवळ क्यू येथील दप्तरखान्यांत जपून ठेविले आहेत, आणि त्यांच्या प्रतिमा आतां घरबसल्याहि पाहतां येतात. अशा रोजनाम्यांचें एक ठराविक व्याकरण आहे. अंमलदार मेला तर त्याचें नांव येतें. शिपाई मेला तर आंकडा येतो. दिवस शांत गेला. शिपाई मृत एक, जखमी तीन, या थाटाच्या नोंदी इतक्या वेळां येतात कीं डोळा त्यांवरून घसरून पुढें जातो. पण दिवस शांत गेला तो कोणाला? त्या एकाच्या घरीं टपालानें छापील कागद गेला. नांव, ठिकाण आणि तारीख तेवढी हातानें भरलेली. अंमलदाराच्या घरीं तार जात असे, एवढाहि फरक राखलेला होता. मोठी लढाई नसतांना रोज होणाऱ्या या हानीला लष्करी कचेऱ्यांत एक खास शब्द होता. मराठींत आपण त्याला ‘घट’ म्हणूं. धान्याच्या कोठारांत ओलीनें आणि उंदरांनीं होते, आणि व्यापारी जी अगोदरच हिशेबांत धरून ठेवतो, ती घट.

किप्लिंगनें या रोजनाम्यांवरून लिहिलें, पण तेवढ्यावर भागविलें नाहीं. पांच वर्षांहून अधिक काळ तो या कामाला जुंपलेला होता. परत आलेले शिपाई आणि अंमलदार यांच्याशीं बोलून, त्यांचीं खासगी पत्रें मिळवून, त्यानें आंकड्यांच्या मागची माणसें शोधलीं. शिपायांचें बोलणें ग्रंथांत त्यांच्या आयरिश ढंगांत, विनोदासकट उतरलें आहे. आयर्लंडच्या स्वराज्याचा हा कट्टर विरोधक. आणि त्याच आयर्लंडच्या पोरांबद्दल ही माया! ग्रंथ निघाला तेव्हां आयर्लंडचें स्वतंत्र राज्य नुकतेंच स्थापन झालें होतें, आणि इंग्रजांच्या गणवेषांत मेलेल्यांची आठवण काढावयास तेथें फारसें कोणी उत्सुक नव्हतें. जातां जातां एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: याच पलटणींतला हॅरल्ड अलेक्झांडर हा तरुण अंमलदार पुढें तिचा नायक झाला; आणि दुसऱ्या महायुद्धांत इटलींतील दोस्तांच्या फौजांचा सेनापति तोच. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे आपले मराठे वीर ज्या मोहिमेंत लढले ती त्याच्याच हुकमतीखालची.

किप्लिंगनें एवढे कष्ट कां घेतले, हें त्या वेळच्या वाचकांना ठाऊक होतें; ग्रंथांत मात्र तें जवळजवळ नाहीं. जॉन हा त्याचा एकुलता मुलगा. डोळे अधू, म्हणून भरतींत नाकारला गेलेला. बापानें आपले जुने स्नेही लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला. रॉबर्ट्स हे एके काळचे हिंदुस्थानचे सरसेनापति, आणि त्या वेळीं आयरिश गार्ड्सचे मानाचे कर्नल. मुलाला जागा मिळाली. १९१५ च्या ऑगस्टांत त्याला अठरा वर्षें पुरीं झालीं, आणि २७ सप्टेंबरला लूसच्या रणांगणावर तो नाहींसा झाला. इतिहासांत बापानें या प्रसंगाला दिलेली जागा अर्ध्या वाक्याची आहे. दुसऱ्या एका अंमलदाराच्या मागून मुलाचें नांव, आणि तो जखमी व बेपत्ता झाला एवढेंच. शोक नाहीं, विशेषण नाहीं, हा माझा मुलगा असें कोठें नाहीं.

याला इंग्रजी संयम म्हणून कोणी मोकळा होईल. मला तसें वाटत नाहीं. ज्यांच्या बापांच्या हातीं लेखणी नव्हती अशा हजारों पोरांचे आंकडे त्यानें वर्षानुवर्षें वाचले होते. त्यांच्याहून अधिक शाई आपल्या पोरावर खर्चण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, असें त्याला वाटलें असावें. त्यांत, आपणच शब्द टाकून पोराला तेथें धाडलें, ही टोंचणीहि असेल. तरी पण जॉन मोहरांत मोडत होता. अर्धें वाक्य कां होईना, त्याचें नांव आलें.

युद्धांत मेलेल्यांच्या कबरींची व्यवस्था पाहण्यासाठीं १९१७ सालीं जो साम्राज्यीय आयोग नेमला गेला, त्यावर किप्लिंग होता. जनरल असो वा शिपाई, थडग्याचा दगड एकाच मापाचा, हा त्या आयोगाचा नियम. श्रीमंतांनीं कुरकुर केली तरी तो मोडला गेला नाहीं. ज्यांचे देह सांपडले नाहींत त्यांचीं नांवें मोठ्या स्मारकांवर कोरलीं. एकट्या थीपव्हालच्या कमानींवर ७२,००० हून अधिक आहेत. ज्यांची ओळख पटली नाहीं त्यांच्या दगडावर, हा कोण तें देवालाच ठाऊक, अशा अर्थाचे शब्द घातले ते किप्लिंगनेंच सुचविलेले. आपला मुलगा अशाच एखाद्या दगडाखालीं असेल, हें तो जाणून होता. तो १९३६ सालीं वारला. पुढें १९९२ सालीं, लूसच्या परिसरांतील एका निनांवी आयरिश गार्ड्स अंमलदाराच्या दगडावर जॉन किप्लिंगचें नांव घालण्यांत आलें. त्याबद्दल वाद झाले, पण मागाहूनच्या संशोधनानें त्या निर्णयाला पुष्टीच मिळाली.

फ्रान्सांत असा खुर्दा नांवानिशीं मोजला गेला. पण त्याच आयोगाचें एक स्मारक इराकांत बसऱ्याला आहे. तें १९२९ चें. मेसोपोटेमियांत पुणें डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी गेल्या होत्या, आणि कूतच्या वेढ्यांत त्या उपाशी लढल्या. असल्या स्मारकांत सर्वांना समान न्याय मिळाला नाहीं, हें त्या आयोगानें २०२१ सालीं स्वतः चौकशी करून मान्य केलें व माफी मागितली. बसऱ्याच्या भिंतींवर हिंदी अंमलदारांचीं नांवें आहेत. शिपायांसाठीं पलटणीचें नांव आहे, आणि त्याच्यापुढें आंकडा.