भोंगवलीच्या वाटेवरील चढ

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कात्रजचा घाट लागतो, आणि तो मागें पडला कीं खेड-शिवापूर, कापूरहोळ, किकवी हीं गांवें एकामागून एक भेटूं लागतात. भोर तालुक्यांतील भोंगवली मात्र या हमरस्त्यावर नाहीं. तिकडे जाण्यास हमरस्ता सोडून आंत वळावें लागतें.

घाटाचें भय सर्वांनाच असतें. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटाचें नांव निघतांच वडीलधारीं माणसें सबुरीचा उपदेश करूं लागतात. परंतु नवशिक्याची खरी परीक्षा गांवाजवळच्या लहानशा चढावर होते, असें आम्हांस वाटतें. घाटांत गाडी चालती असते. येथें ती थांबलेली असते. पुढें उसाची बैलगाडी अडते, मागें शाळेंतून सुटलेलीं मुलें येऊन उभीं राहतात, आणि अशा वेळीं गाडी हातभर जरी मागें घसरली तरी अनर्थ व्हावयाचा.

आमच्या घरीं हा प्रश्न निकडीचा झाला. कर्ते पुरुष नोकरीनिमित्त पुण्यास. गांवीं वृद्ध सासूसासरे आणि सूनबाई. रात्रीं-अपरात्रीं कोणाचें दुखलेंखुपलें तर गाडी कोणी काढावयाची? तेव्हां सूनबाईंनींच शिकावें असें ठरलें, आणि आम्हीं सर्वांनीं एक निर्जन चढ पाहून ठेवला.

यांतील युक्ति कठीण नाहीं. गाडी थांबतांच हातब्रेक ओढावा व पहिला गिअर टाकावा. मग ॲक्सिलरेटर किंचित् दाबून क्लच अगदीं सावकाश सोडूं लागावें. एका ठिकाणीं इंजिनाचा आवाज जड होतो व गाडीला हलकासा ताण बसतो. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोंचल्याची ही खूण. पाय तेथेंच स्थिर ठेवून हातब्रेक सोडावा, म्हणजे गाडी मागें न येतां पुढें निघते. गाडींत माणसें अधिक असतील तर ॲक्सिलरेटर थोडा अधिक द्यावा. मात्र अर्ध्या क्लचवर गाडी फार वेळ तोलून धरूं नये. त्यानें क्लचची तबकडी तापून झिजते.

सूनबाई प्रथम घाई करीत व इंजिन बंद पडे. मामंजी मागील आसनावरून शांतपणें म्हणाले, “सूनबाई, पायाकडे पाहूं नका, गाडी काय म्हणते तें ऐका.” त्या एका वाक्यानें पुष्कळ काम झालें. आठवडाभरांत गाडी तसूभरही मागें येईनाशी झाली.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही परवान्याच्या परीक्षेसाठीं हेंच कौशल्य सांगितलें आहे: चढावर थांबून, मागें न घसरतां पुन्हा निघणें. अलीकडील कित्येक गाड्यांत पायब्रेक सोडल्यावरही कांहीं क्षण गाडी धरून ठेवणारी योजना असते. ती सोयीची खरी. पण घरची जुनी गाडी किंवा शेजाऱ्याची गाडी हातीं आली, तर शेवटीं आपला पाय आणि आपला कान हेच कामास येतात.

ज्या घरांत गाडी एकालाच चालवितां येते, तें घर अडचणीच्या वेळीं त्या एकाच्या वाटेकडे डोळे लावून बसतें. यास्तव वाचकांनीं घरांतील आणखी एका माणसास, विशेषतः घरीं असणाऱ्या सुनेस वा लेकीस, ही विद्या अवश्य द्यावी. आणि सपाट मैदानावरच न थांबतां तिला एखाद्या चढावरही न्यावें.