‘अचल’ दगडाचें वय

संस्कृतांत पर्वताला ‘अचल’ म्हणतात, ‘नग’ म्हणतात. नग म्हणजे जो जात नाहीं तो. ही व्युत्पत्ति मीं तीस वर्षें वर्गांत सांगितली, आणि व्याकरणदृष्ट्या ती आजहि बिनचूक आहे. दगडाचें मत मात्र निराळें पडतें.

उत्तरकाशीहून गंगोत्रीस जातांना भटवाडी गांव लागतें. तेथील कड्यांतला करडा, पट्टेदार दगड न पाहतांच यात्रेकरू पुढें जातात. त्यांत फेल्स्पारचे पांढरट, बदामी आकाराचे गोळे बसलेले असून अभ्रकाच्या काळ्या रेघा त्यांना वळसा घालून जातात. जर्मन पंडितांनीं या गोळ्यांना ‘डोळे’ म्हटलें. नांव अगदीं शोभतें. हा दगड मूळचा ग्रॅनाइट, जवळजवळ दोनशें कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांत थिजलेला. पुढें सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वीं भारताचा भूखंड आशियाला भिडला, थरांवर थर चढले, आणि त्या रेट्यांत हा ग्रॅनाइट तापला, चेपला, ताणला गेला. त्याचे कण रांगेंत बसून पट्टिताश्म झाला. गंमत ही कीं, रूप पालटलें तरी झिर्कॉनच्या बारीक स्फटिकांनीं आपली जन्मतिथि सांभाळली. त्यांतील युरेनियमचें शिसें किती झालें हें मोजलें कीं ती वाचतां येते.

गोमुखावरील शिवलिंग (६५४३ मीटर) व भागीरथी शिखरें यांचा पांढरा ग्रॅनाइट अवघा दोन-सव्वादोन कोटी वर्षांचा! त्याच टकरींत खोल दबलेले गाळाचे प्राचीन थर अंशतः वितळले, त्या रसाचा तो बनला. पुरावा रासायनिक आहे. रुबिडियमचा एक प्रकार अति सावकाश स्ट्राँशियम-८७ मध्यें पालटतो. कवचाखालून सरळ वर आलेल्या रसांत स्ट्राँशियम ८७ व ८६ यांचें गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास असतें. येथें तें ०.७४ च्याहि पुढें जातें. अर्थात् माल जुन्या भूकवचाचाच, पुन्हां आटवलेला.

यावरून आमच्या घरांत वाद झाला. कुटुंबानें भटवाडीच्या नदीकांठाहून आणलेला असा एक डोळस खडा आमच्या देवघरांत आहे. वडील बंधु म्हणाले, “हें सारें सांगून त्या दगडांतला देव घालवूं नकोस.” मला तें पटलें नाहीं. इतकें वय कळल्यावर माझी मान तरी त्यापुढें अधिकच लवते. वहिनींनीं निराळेंच विचारलें: “भाऊजी, मग तो पर्वत अजून हलतो का?”

हलतो. भारताचा भूखंड आजहि वर्षाला चार-पांच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, आणि त्यांतील सुमारें दोन सेंटिमीटर हिमालयांत जिरतात. १९९१ सालीं उत्तरकाशीस झालेला भूकंप याच सरकण्याचा.